सीनेचा फेरा

वडकबाळच्या पुलाखाली रिक्षा सोडली तेव्हा
मळसिद्ध म्हणाला, "फेरा आहे मावशी, सहा-सात किलोमीटरचा.
ह्या काठानं वर जायचं, बंधाऱ्यावरनं ओलांडायचं,
त्या काठानं खाली. मधी तीन डोह.
लई अवघड नाही, लई सोपं बी नाही."
भूदेवी हसली. लग्नाआधी आम्हाला
नवऱ्याबद्दल असंच सांगितलेलं.

आम्ही चौघी. बिडी कारखान्याला सुट्टी.
मांडीवर सूप नसलेला दिवस इतका हलका
की चालताना हात कुठं ठेवावेत कळेना.

शाळू डोक्याएवढा. बांधाला करडई, पिवळी, काटेरी,
उधारी मागणाऱ्या बाईसारखी पदर धरून ठेवणारी.
मग माती संपली, काळा खडक सुरू झाला,
तापलेला, चपलेतूनही बोलणारा.

पहिला डोह म्हशींनी आधीच घेतलेला.
कडेला बसून पाय बुडवले,
भाकरी आणि शेंगाचटणी अर्धी खाल्ली, निघालो.

दुसऱ्याला नाव नव्हतं.
खडकात गोल गोल खळगे, पुरलेल्या रांजणांसारखे.
"कुणी कोरलं हे?" राजमणीनं विचारलं.
"पाण्यानं. गोटा घेऊन फिरत बसतं एकाच जागी."
राजमणी बघत राहिली.
सत्तावीस वर्षं एकाच ओट्यावर पानं वळणारी बाई ती.
म्हणाली, "मग आपल्याखाली काहीच कसं कोरलं गेलं नाही?"
कुणी बोललं नाही.
एक खेकडा तिरका तिरका आत गेला.

पुढं चढ. मुरूम निसटतो, बाभळीची मुळं धरायची.
माझा डावा गुडघा प्रत्येक पावलाला हिशेब मागत होता.
वर पोचलो, तर खाली तिसरा:
हिरवा, रुंद, तळ न दाखवणारा.

मळसिद्ध पाठ करून लांब झाडाखाली गेला,
मोबाईल लावला, म्हणाला, "झालं की हाक मारा."

मी आजोळच्या विहिरीत, सिरसिल्ल्याला,
भोपळा बांधून पोहायला शिकले होते.
त्यानंतर चाळीस वर्षं पाणी भेटलं ते बादलीतून.
पंजाबी ड्रेससकट उतरले.
थंडीनं श्वास मोडला, परत जुळला.
हातपाय मला न विचारताच निघाले.

बारके मासे आले बोटांशी.
लिंबू घासा, राख घासा, तंबाखू जात नाही नखांतनं.
एक घास घेतला आणि वळले,
जणू कारखान्याचा चेकर: छाट, छाट, छाट.
थोड्या वेळानं दोन परत आले. गरजू असतील.

हात मारताना मोजत होते, सवय.
पंचवीसचा एक कट्टा, पंचवीसचा दुसरा,
मग कुठंतरी आकडा हातातनं सुटला.
बुडी मारून शोधला नाही.

भूदेवी उतरली नाही. का, ते आम्हा तिघींना माहीत,
म्हणून कुणी आग्रह केला नाही.
ती काठावर मांडी घालून बसली,
आमची मंगळसूत्रं, घड्याळं, राजमणीचा चष्मा
ओटीत घेऊन. सुट्टीच्या दिवशीसुद्धा
मांडी भरलेलीच.

पुढं बंधारा. वरनं वाहणारं पाणी घोट्याएवढं.
आम्ही भराभरा ओलांडलो, शेवाळ होतं.
मागं बघितलं तर भूदेवी मधोमध उभी,
साडी दोन्ही हातांनी धरलेली, आधी घोट्याच्या वर,
मग गुडघ्याच्या.
मळसिद्ध हाक मारणार होता. राजमणीनं त्याचा दंड धरला.
किती वेळ, कुणी बघितला नाही, घड्याळं तिच्याकडंच होती.
आली तेव्हा तेलुगूत एवढंच म्हणाली:
चल्लगुंदी. गार आहे.

परतीच्या काठावरनं तेच डोह, पण उलटे.
समोरच्या खडकावर आम्ही बसलो होतो ती जागा दिसली:
तीन ओले ठसे, वाळत आलेले,
शेजारी चौथीची कोरडी जागा.
राजमणीला बुडांचे ठसे ओळखू आले आणि ती
पुलापर्यंत हसत राहिली, उचकी लागेपर्यंत.

रात्री उद्याची पानं भिजत घातली.
हात बादलीत जरा जास्त वेळ राहिला.
सून म्हणाली, "अत्या, भिजली की."
म्हटलं, थांब गं.